गाठोडे, पेटी आणि धुणे

वाचकहो, इतिहासाच्या पुस्तकात माणसे सारखी कुठे ना कुठे निघालेली असतात. सैन्य कूच करते, यात्रा निघते, दुष्काळाने गावे उठतात, फाळणीने प्रांतच्या प्रांत रिकामे होतात. किती माणसे निघाली, कोणत्या तारखेला निघाली आणि कुठे पोचली, हे पुस्तक नेमके सांगते. परंतु अंगावरच्या वस्त्राखेरीज त्यांनी बरोबर काय घेतले होते, ते मळले तेव्हा कुठे धुतले, आणि धुतलेले वाळेपर्यंत काय नेसून बसले, हे मात्र कुणी सांगत नाही. प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण ज्याने पंधरा दिवसांचा प्रवास केला आहे त्याला विचारून पाहा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याच्या मनात देवदर्शनाच्या खालोखाल विचार असतो तो धुण्याचा!

आज या धुण्याचा आणि बांधाबांधीचा थोडा इतिहास पाहायचा आहे. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. कल्याणच्या पुढे उल्हासनगर आहे. तिथे कॅम्प नंबर दोनमध्ये गेलात की गजानन मार्केटच्या गल्ल्यांतून कापडाच्या थप्प्याच थप्प्या दिसतात. आसपासच्या तालुक्यांतून लग्नाचा बस्ता बांधायला लोक इथे येतात. ज्या वस्तीत आज इतके कापड आहे, त्या वस्तीतली पहिली माणसे इथे उतरली तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांजवळ एक पेटी आणि एक बिछान्याची वळकटी, एवढेच होते. ही पेटी कशी भरली गेली, आणि ती पुन्हा परत का गेली नाही, ही आपली मुख्य गोष्ट. पण तिथे पोचण्याआधी जुना प्रवासी सामान कसे बांधी, ते पाहू.

आगगाडी येण्यापूर्वीचा आपला प्रवासी म्हणजे पायी चालणारा माणूस. त्याच्या खांद्यावर पडशी असे. पडशी म्हणजे मधोमध तोंड असलेली लांब पिशवी. अर्धे ओझे पुढे, अर्धे पाठीवर. दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहिले पाहिजे, म्हणून एकीकडे पीठमीठ आणि दुसरीकडे वस्त्रे. नेसणीचे धोतर, अंगरखा, एखादा पंचा आणि वर एक घोंगडी, एवढ्यावर माणूस काशीपर्यंत जाई. घोंगडीचे तर किती उपयोग! पावसात ती छत्री, रात्री ती अंथरूण-पांघरूण, आणि नदीवर आंघोळीला गेले की कपडे ठेवायला तीच.

आता सोवळ्याचा विचार करा. सोवळे म्हणजे नुसता धर्माचा विषय अशी आपली समजूत असते. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने त्यात एक सोयही होती. सुती वस्त्र सोवळ्यात वापरायचे तर ते रोज पिळून, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावे लागे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी यांना ही अट नव्हती. ती वस्त्रे रोज न धुताही शुद्ध मानली जात. पावसाळ्यात, वाटेवर, परक्याच्या ओसरीवर रोज सुती धोतर वाळवणे काही सोपे नाही. म्हणून पडशीत एखादा जुना मुकटा असला की ब्राह्मण प्रवाशाचा स्वयंपाक आणि पूजा दोन्ही अडत नसत. रेशीम व लोकर मळ कमी धरतात, घाम लागला तरी वाऱ्यावर ठेवल्यास निवतात, हा अनुभव शास्त्राच्या मागे उभा होता असे म्हणायला हरकत नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाची धामधूम उसळली. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. वाटेत लुटले गेले. आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले. त्यांनी १८८३ साली लिहिलेली ही हकीकत १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापली गेली. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळच्या प्रवाशाला मोठे सामान परवडतच नसे. जितके गाठोडे मोठे तितका लुटारू लवकर येणार! कमी वस्त्रे नेण्यामागे साधेपणा होताच, पण भीतीही होती.

दुसरे उदाहरण वारीचे. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, आणि चालायला अठरा-वीस दिवस लागतात. दिवस आषाढाचे. म्हणजे अंगावरचे भिजणार हे नक्की, आणि बांधलेलेही भिजायची भीती. पूर्वी दिंडीबरोबर बैलगाड्या असत, आता ट्रक असतात. सामान पुढच्या मुक्कामाला जाते. तरी धुण्याचा प्रश्न राहतोच. वारकऱ्यांनी तो कसा सोडवला? धुतलेले धोतर किंवा लुगडे दोघांनी दोन टोकांना धरायचे आणि चालू लागायचे. वारा लागतो, मधूनच ऊन पडते, आणि अर्ध्या कोसात वस्त्र सुकते. दोरी नको, खुंटी नको, थांबायला नको. नीरेचे पाणी आले की मात्र सगळी दिंडी धुण्याला बसते. पादुकांना नीरास्नान घडते, आणि त्याच नदीत माणसांचे मळके कपडेही स्वच्छ होतात.

यातून एक नियम निघतो, आणि तो आजच्या सहलीलाही लागू आहे. प्रवासाचे कपडे दिवस मोजून घ्यायचे नसतात, पाणी मोजून घ्यायचे असतात. वीस दिवसांना वीस जोड हा हिशेब चुकीचा. पाणी कुठे मिळेल, आणि धुतलेले वाळायला किती वेळ मिळेल, यावरून जोड ठरतात. एक अंगावर, एक दोरीवर, आणि नड पडली तर एक गाठोड्यात. आपल्या वाडवडिलांचा सारा प्रवास या तीन जोडांत बसत असे.

आता धुलाईच्या साधनांकडे वळू. साबण आपल्याकडे घरोघर आला तो अलीकडे. विलायतेतला सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे खेड्यापाड्यांतून रिठा, राख आणि खार यांवरच काम चाले. रेशमाला व लोकरीला रिठा, जाड सुताला राखेचे पाणी किंवा धुण्याचा सोडा, आणि परटाच्या भट्टीत सज्जीखार. तत्त्व सोपे आहे. राखेत व सज्जीत अल्क असतो, तो तेलकट मळाला धरतो आणि पाण्यात सोडतो. रेशीम आणि लोकर मात्र प्राण्यापासून आलेली असल्यामुळे जळजळीत अल्काने खराब होतात. म्हणून आजी म्हणत असे, पैठणीला सोडा लावू नकोस. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण नियम ठाऊक होता.

परटाजवळ आणखी एक विद्या होती. पन्नास घरांचे कपडे एका भट्टीत घातल्यावर कुणाचा सदरा कोणता हे ओळखायचे कसे? त्यासाठी बिब्बा. बिब्ब्याच्या रसाची खूण कापडावर करून वर चुना लावला की ती काळी होते आणि कितीही धुतली तरी पाण्याने जात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक हिंदुस्थानात आले, आणि त्यांच्यापैकी काहींच्या मानेवर, पाठीवर, जिथे खूण कातडीला लागे तिथे, फोड उठू लागले. डॉक्टर बुचकळ्यात पडले. शेवटी कारण सापडले ते परटाची खूण! १९४३ साली या विकाराची नोंद अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात झाली. एवढ्याशा काळ्या ठिपक्याने परदेशी डॉक्टरांना कामाला लावले.

हे सैनिक म्हटल्यावर आपण कल्याणच्या छावणीशी येऊन पोचतो. महायुद्धाच्या काळात सरकारने कल्याणजवळ, मुंबईपासून सुमारे ५८ किलोमीटरवर, मोठी लष्करी छावणी उभारली. दोन हजारांवर बराकी, आणि त्यांचे पाच भाग, कॅम्प नंबर एक ते पाच. ही छावणी मुक्कामाची नव्हती, वाटेवरची होती. आज आलेला सैनिक उद्या आघाडीवर जायचा. त्याच्या खाकी थैलीत किती जोड, किती मोजे, किती टॉवेल, हे वरून ठरलेले असे. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. वाटेवरच्या माणसांसाठी बांधलेल्या या बराकींत पुढे जी माणसे आली, त्यांनाही वाटत होते की आपण वाटेवरच आहोत.

ती माणसे सिंधची. सिंध आपल्याला परका प्रांत नव्हता. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच मोडत असे. कराचीतल्या जुन्या सरकारी शाळेला नाव आहे नारायण जगन्नाथ वैद्य यांचे. हे एक मराठी शिक्षणाधिकारी. शिक्षक बंधूंनी हे नाव लक्षात ठेवावे. ऑगस्ट १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नाही. त्यामुळे तिथल्या पुष्कळ हिंदूंना वाटले, वादळ आहे, निघून जाईल. परंतु १७ डिसेंबर १९४७ रोजी सिंधमधल्या हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगे झाले, आणि मग धीर सुटला. त्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक माणसे सिंध सोडून निघाली. कुणी आगगाडीने मारवाडच्या वाळवंटातून, कुणी कराची बंदरातून बोटीने काठेवाडात, आणि फार मोठ्या संख्येने मुंबईत.

आता तुम्ही क्षणभर त्या घरातल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पेटी उघडी आहे. बोट उद्या आहे. काय घ्यायचे? येथेच इतिहासाचा खरा प्रश्न आहे. कारण गाठोडे नुसते सामान सांगत नाही, बांधणाऱ्याच्या मनातला हिशेबही सांगते. आठ दिवसांसाठी जाणारा निराळे बांधतो, सहा महिन्यांसाठी जाणारा निराळे, आणि कायमचा जाणारा तर त्याहून निराळे. सिंधमधून निघालेल्या कितीतरी कुटुंबांनी घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याच्या हाती दिली होती. दोन-चार महिन्यांत परत यायचे, असे त्यांच्या मनात होते. ज्याला परत यायचे आहे तो भारी वस्त्रे घरी ठेवतो आणि धुवट, रोजची वस्त्रे बरोबर घेतो. थंडीचे दिवस होते, म्हणजे गरम कपडे आले. उन्हाळ्याचे कपडे कशाला? उन्हाळ्यापर्यंत तर आपण घरी असू! अशा अदमासावर पेट्या भरल्या गेल्या, आणि उन्हाळा उजाडला तो कल्याणच्या बराकीत.

बिछान्यात मात्र एक वस्तू हमखास असे. तिला सिंधीत रिल्ली म्हणतात. आपली गोधडी किंवा वाकळ तिची सख्खी बहीण. जुनी, विटलेली वस्त्रे कापून, तुकडे जुळवून, धावदोऱ्याने शिवलेली. गोधडीत जसे आईचे लुगडे आणि आजोबांचे धोतर एकत्र नांदते, तशी रिल्लीतही पिढ्यांची वस्त्रे एकत्र येतात. प्रवासात ती अंथरूण होते, आणि चार कोपरे बांधले की गाठोडेही होते. म्हणजे काही कुटुंबांनी नकळत आपले घरच अंथरुणाच्या रूपाने बरोबर आणले.

गोदीवर सामान तपासले जाई. पेट्या उघडून वस्तू बाहेर काढल्या जात. घडी घालून भरलेली पेटी एकदा विसकटली की पुन्हा तेवढ्याच जागेत बसत नाही, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. मागे रांग ताटकळलेली, बोटीचा भोंगा वाजतो आहे, अशा वेळी काय आत गेले आणि काय गोदीवर राहिले, याची यादी कुणी केलेली नाही.

आणि सर्वांनाच निघता आले असेही नाही. कराचीत रस्ते व संडास साफ करणाऱ्या दलित कामगारांना आवश्यक सेवेच्या नावाखाली अडवून धरण्यात आले. ते गेले तर शहर साफ कोण करणार? डिसेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या या लोकांची बाजू मांडली आणि त्यांना सोडवून आणण्याची मागणी केली. वाचकहो, हे विसरून चालणार नाही. श्रीमंताला आपली पेटी मागे टाकावी लागली, याचे दुःख आपण जाणतो. पण ज्याने दुसऱ्याची घाण काढली, त्याला बोचके बांधायचीही मोकळीक नव्हती. स्वच्छतेचा इतिहास लिहायचा तर तो नुसता साबणाचा आणि सोड्याचा लिहून भागत नाही. तो कुणाच्या हातांनी झाला, हेही त्यात यावे लागते.

कराची ते मुंबई हा बोटीचा प्रवास दोन-तीन दिवसांचा. डेकवर दाटी. गोडे पाणी पिण्यापुरते. लेकुरवाळ्या बायांचे काय हाल झाले असतील ते सांगायला नको. सभोवार पाणीच पाणी, पण धुण्याला त्याचा उपयोग नाही. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातले क्षार साबणाशी मिळून त्याचा साका करतात, आणि तो कपड्याला चिकटतो. शिवाय खारट पाण्यात धुतलेले वस्त्र पुरते वाळत नाही, कारण मीठ हवेतले पाणी ओढते. बाळाला असे लंगोट बांधले तर कातडी सोलवटते. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करून दाखवावा. एका वाडग्यात साधे पाणी, दुसऱ्यात मुठभर मीठ घातलेले पाणी, आणि दोन्हींत साबणाची चकती. मुलांना फेसही समजेल आणि बोटही समजेल.

मुंबईत उतरलेल्या लोकांना सरकारने ठिकठिकाणच्या रिकाम्या छावण्यांतून पाठवले. कल्याणची छावणी त्यांतली सर्वांत मोठी. हळूहळू तिथे लाखभर माणसे झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून ते आले. नाव बदलले, तरी कॅम्प हा शब्द काही गेला नाही. आज पाऊणशे वर्षांनंतरही माणसे पत्ता सांगताना कॅम्प दोन, कॅम्प चार असेच सांगतात.

बराक म्हणजे लांबच लांब पडवीसारखी खोली. तिच्यात अनेक कुटुंबे. मध्ये भिंत नाही. मग भिंत कशाची करायची? कापडाची. चादरी, जुन्या साड्या, गोणपाट दोरीवर टाकून आडोसे केले गेले. पेटीतून आलेल्या कापडाला असे नवे काम लागले. ज्या चादरीचा आडोसा केला ती धुवायला काढली की घर उघडे पडे! म्हणून आडोशाचे धुणे सवडीने, भर उन्हाच्या वेळी, आणि वाळताक्षणी परत दोरीवर.

पाणी सार्वजनिक नळाचे. नळापाशी आधी पिण्याच्या पाण्याची रांग, मग धुण्याची. जोड दोनच असले की रोज धुणे आले, आणि रोज धुतलेले कापड लवकर विरते. विरलेले टाकायचे नाही. धोतराचे पंचे, पंच्यांची लंगोटे, आणि शेवटी सगळ्यांची रिल्ली. त्यातून नवे कापड घ्यावे तर तेही सुखासुखी मिळत नव्हते. युद्धकाळात १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण होते. १९४८ च्या आरंभी ते उठवले, तसे भाव भडकले, आणि त्याच वर्षी नियंत्रण पुन्हा आणावे लागले. नेमके त्याच वर्षी लाखो माणसे अपुऱ्या कपड्यांनिशी मुंबई इलाख्यात उतरत होती.

आणि मग आला पाऊस. कराचीला वर्षभरात सरासरी दहा इंचही पाऊस पडत नाही. कल्याण-बदलापूर पट्ट्यात तो शंभर इंचांच्या घरात जातो. ज्यांनी जन्मभर धुणे टाकले आणि तासाभरात काढले, त्या बायकांना कोकणच्या कडेचा श्रावण म्हणजे काय ते आता कळले. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. त्यांना कुबट वास. पेटीतल्या गरम कपड्यांवर बुरशी, पांढऱ्यावर काळे ठिपके. आपल्या कोकणातल्या बायका अशा वेळी निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली उपडी घालतात आणि तिच्यावर बाळाची दुपटी पसरतात. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात. अशी युक्ती पुस्तकातून येत नाही. ती शेजारणीकडून शिकावी लागते, आणि शेजारीण व्हायला थोडा काळ जावा लागतो.

सज्जीखाराची एक गंमत इथे सांगतो. सिंधमध्ये खारट जमिनीत उगवणारी झुडुपे जाळून सज्जी करीत. ती धुण्याला लागे, अजरक नावाच्या निळ्या-तांबड्या छापील वस्त्राच्या रंगकामात लागे, आणि पापडातही लागे. पापडखार म्हणतो तो हाच जातभाई. कॅम्पातल्या पुष्कळ बायांनी पहिला पैसा मिळवला तो पापड लाटून. पुरुष मुंबईच्या लोकलगाड्यांतून आणि रस्त्यांवरून कापडाचे तुकडे, रुमाल, गोळ्या-बिस्किटे विकू लागले. सरकारी मदतीच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा खांद्यावर कापड टाकून दारोदार जाणे त्यांना बरे वाटले. ज्या माणसाजवळ कालपर्यंत बदलायला सदरा नव्हता, तो दुसऱ्याला सदऱ्याचे कापड विकू लागला. कॅम्प दोनच्या गजानन मार्केटमधल्या थप्प्यांमागे ही हकीकत आहे.

पुढे शिवणयंत्रे आली, तयार कपडे आले, जीन्स आली. बाहेरच्या मालाची हुबेहूब नक्कल करण्यात इथले कारागीर असे तरबेज, की ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद साऱ्या महाराष्ट्रात झाला. विनोदाला हसावे, पण त्यामागची मेहनतही पाहावी. कॅम्पासारखीच हकीकत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. तिथल्या छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. रशियाने त्यांना देशोधडीला लावले, आणि इराणमार्गे ते आपल्याकडे आले. ते गेल्यावर १९४८ च्या सुमारास त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, आणि तेही कापडाच्या घाऊक व्यापाराचे मोठे ठाणे. ज्या बराकींबाहेर आधी पोलंडच्या मुलांचे कपडे वाळले, तिथेच नंतर सिंधच्या मुलांचे वाळले.

दरम्यान कापडही बदलत होते. १९५६ साली शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात कृत्रिम रेशमाचे सूत निघू लागले. रेयॉन दिसायला देखणे, पण ओले झाले की त्याचे बळ निम्म्यावर येते. दगडावर आपटाल तर फाटेल. साठीच्या दशकात टेरिलीन आले आणि प्रवाशाचे दैव उघडले. रात्री धुवावे, झटकून टांगावे, सकाळी घालावे. इस्त्री नको. १९५९ मध्ये सर्फची पावडर आली, १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढली, आणि जड पाण्यातही फेस काढणारी धुलाई खेड्यात पोचली. वीस दिवसांच्या प्रवासाला एक पिशवी पुरते, हे आज आपण सहज म्हणतो. त्यामागे या सगळ्या घडामोडी आहेत.

परंतु धुण्याचे पाणी कुठेतरी जातेच. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. ते ज्या वालधुनी नदीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून वाहते. जीन्सला जुनेपणाचा फिका रंग यावा म्हणून ती विक्रीपूर्वीच धुतात. त्या धुलाईचे निळे पाणी, आणि इतर कारखान्यांचे रसायनांचे पाणी, वर्षानुवर्षे वालधुनीत गेले. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत पोचले, दंड झाले, धुलाईचे पुष्कळ कारखाने बंद पडले, आणि त्यांवर जगणारे कामगार, त्यांत परप्रांतातून आलेले कितीतरी, पुन्हा बोचकी बांधून निघाले. घोटभर पाण्यासाठी रांग लावणाऱ्यांच्या वस्तीत पाण्याचे असे व्हावे, ही दुःखाची गोष्ट आहे. यात दोष एका जातीचा वा एका गावाचा नाही. नदी म्हणजे फुकटची मोरी, ही आपली सर्वांची जुनी समजूत आहे. चार माणसांच्या धुण्याने नदी बिघडत नसे. चार लाखांच्या धुण्याने बिघडते.

आता तुमच्या गावाकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, नगर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाच-सहा महिन्यांचा संसार गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पत्र्याची पेटी, गोधड्या, मुलांचे दोन-दोन जोड, आणि पाचटाची कोपी. उसाच्या चिकाने आणि काजळीने माखलेले कपडे धुवायला पहाटे पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न तिथल्या बाईला रोज पडतो. कल्याणच्या बराकीतल्या बाईला तो १९४८ साली पडला होता. उसाच्या फडावर तो आजही संपलेला नाही. अशा टोळीसाठी गावाने एक नळ आणि धुण्याचा एक दगड दिला, तर ते मोठे पुण्यकर्म होईल.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. इतिहासाच्या तासाला एक दिवस मुलांना घरी पाठवा आणि सर्वांत जुनी पेटी कोणती, ती कोणी, कुठून, केव्हा आणली, एवढे विचारून यायला सांगा. कोणी पुनर्वसनात धरणाखालचे गाव सोडून आलेले असेल, कोणी गिरणीत नोकरीला गेलेले, कोणी लग्न होऊन आलेली आजी असेल. निघताना पेटीत काय भरले होते? त्यातले आज काय उरले आहे? आणि परत जाऊ असे वाटत होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून घ्या. सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत, आणि पत्र्याच्या पेट्या भंगारवाल्याकडे चालल्या आहेत. येत्या रविवारीच हे काम केलेत तर बरे.